आर्वोची दोन अक्षरं

१८ नोव्हेंबर

आज पुन्हा तेच. कॉफी झाली की आर्वो डाव्या हाताने संगणकाकडे बोट दाखवतो. बसवला. पडद्यावरची ती काळी खिडकी उघडून दिली, जिच्यात तो गिरणीतल्या नोकरीपासून कमांडी लिहीत आला. एक बोट, दोन अक्षरं. एल के. खाली उत्तर — अशी कमांड नाही. मग टेबलावर मूठ, आणि माझ्याकडे असं बघणं, की मीच त्याचं काहीतरी लपवून ठेवलंय.

अर्धांगाचा झटका येऊन अकरा आठवडे झाले. तोंडातून एक शब्द नाही. बायकोचं, माझं नावसुद्धा नाही.

२० नोव्हेंबर

सकाळी डोकं गरगरलं, ओट्याला धरून उभी राहिले. रक्तदाबाची गोळी किती दिवस घेतली नाही कोण जाणे. पूर्वी कॉफीनंतर तो विचारायचा, "गोळी?" बस, एवढंच. आमच्याकडची माणसं मुळातच कमी बोलतात, हा त्यांच्यातही घुम्या. त्या एका शब्दाचा मला वैताग यायचा. आता तोही नाही.

२४ नोव्हेंबर

मारित आली होती, बोलायला शिकवणारी. पोर गुणाची आहे. सफरचंदाचं चित्र दाखवलं, घराचं दाखवलं. आर्वो खिडकीबाहेरच्या बर्फाकडे बघत बसला. मी म्हटलं, रोज दोन अक्षरं तरी लिहितो. तिने तेही पाहिलं. निघताना बूट घालता घालता म्हणाली, "हिल्काबाई, त्यात अर्थ शोधू नका. बोटाला लागलेला चाळा असतो तो. तुम्ही आशा लावून बसाल आणि तुम्हालाच त्रास होईल."

दार लावून घेतलं आणि तिथेच रडले. मी कुठे आशा लावून बसलेय! संपलीय ती.

२ डिसेंबर

एल के. चौदा वेळा. कॉफीचा कप फुटला.

६ डिसेंबर

आमच्या देशाचा स्वातंत्र्यदिन. खिडकीत दोन मेणबत्त्या लावायची रीत, दरवर्षी तो लावतो. यंदा मी लावल्या. त्याने पाहिलंही नाही.

दिवसभर वाटत राहिलं, हा माणूस इथे नाहीच. खुर्चीत बसवलेलं आहे ते दुसरंच कोणीतरी. असं लिहायची लाज वाटते, पण इथे नाही लिहायचं तर कुठे.

९ डिसेंबर

लेकीचा, टुइयाचा फोन. जानेवारीत शुश्रूषागृहात एक जागा होतेय, सहीचा कागद शुक्रवारपर्यंत हवा. "आई, तू किती दिवस ओढणार आहेस? बाबा तुला ओळखत तरी आहेत का?"

फोन ठेवला. कागद फ्रीजवर चुंबकाने लावलाय. पेन शेजारीच आहे.

१२ डिसेंबर

वेइक्को आला, गिरणीतला आर्वोचा जोडीदार. दोघांनी कॉफी घेतली, जशी नेहमी घ्यायचे. मग आर्वोने एल के लिहिलं, मूठ आपटली. मी म्हटलं, मनावर घेऊ नकोस, चाळा आहे तो.

"कसला चाळा?" वेइक्को म्हणाला. "अगं, हा स्वतःच्या कमांडी स्वतः करायचा. एखादं लांबलचक काम असलं की त्याला दोन-तीन अक्षरांचं नाव द्यायचा, मग तेवढंच टाइप करायचं. गिरणीत आम्ही हसायचो, की याचा संगणक याच्या बायकोपेक्षा याचं जास्त ऐकतो. ही त्यातलीच एक असणार." मग पडद्याकडे वाकला. "हा संगणक नवा दिसतोय?"

नवाच. टुइयाने सप्टेंबरात घेऊन दिला, मोठ्या पडद्याचा. आर्वो हॉस्पिटलात असताना जुन्यातलं सगळं मी स्वतः यात आणलं. फोटो, पत्रं, एकूण एक. केवढा अभिमान वाटला होता!

"जे दिसलं तेवढं आणलंस," वेइक्को म्हणाला. "ही नावं ज्या फाइलीत लिहितात ना, तिच्या नावाच्या सुरुवातीला टिंब असतं. टिंबाची फाइल दिसत नाही. ती मागेच राहिली असेल."

म्हणजे घरी आल्यापासून इतके आठवडे तो बरोबर लिहीत होता?

जुना संगणक सॉनाच्या, वाफेच्या न्हाणीघराच्या, बाहेरच्या खोलीत टॉवेलांच्या टोपलीखाली होता. बर्फासारखा गार. लगेच चालू केला तर आत पाणी सुटेल, उद्यापर्यंत घरात ऊब घेऊ दे, असं वेइक्को म्हणाला. कागदावर सही अजून केलेली नाही.

१३ डिसेंबर

कॉफीनंतर जुना संगणक आर्वोसमोर ठेवला. त्याने एल के लिहिलं. पडदा कोरा झाला आणि मधोमध एकच ओळ आली: हिल्काने गोळी घेतली का, विचार.

तो माझ्याकडे बघत होता. मी डबा आणला, त्याच्यासमोर गोळी गिळली. त्याने मूठ आपटली नाही.