सोडल्याचा दाखला

कोलकाता,
१४ जुलै २०२५

ती. बाबांना,

नमस्कार. साष्टांग लिहिणार होते, पण मनात नाही. आईला सांगा, सॉल्ट लेकमध्येच वर्गातल्या नूपुरच्या खोलीवर राहते आहे, जेवते आहे. तुमचे फोन मुद्दाम उचलत नाही. फोनवर तुम्ही बोलता आणि मी हो म्हणते.

बँकेने नाशिकला बदली केली, तशी तुम्ही आधी सामान बांधणाऱ्यांना बोलावलंत आणि मग माझा दाखला काढायला निघालात. पाच शाळांतून असाच काढलात. पण ही युनिव्हर्सिटी आहे, बाबा! मला न विचारता अर्ज लिहिलात. वीस वर्षांची मुलगी म्हणजे काय तुमचं कपाट आहे, ट्रकमध्ये चढवायला? वर नातेवाइकांना सांगताय, ऋताला कोलकाता मानवलं नाही. कुणी सांगितलं तुम्हाला?

अर्ज तुम्ही लिहिलात, पण खालची सही माझी. वाचून केली. ते सांगायचं टाळत होते. दुसऱ्या वर्षाला दोन पेपरांत मी नापास झाले आहे, आणि तुम्हाला कळायच्या आत मला इथून पळायचं होतं. तुमची बदली अगदी वेळेवर आली.

नेहमीच येते. पाचवीत गणितात आपटले, बदली. आठवीत वर्गात कुणी बोलेना, बदली. अर्धवट टाकून निघायचं आणि नव्या गावात शहाण्यासारखं बसायचं, एवढंच मी तुमच्या घरात शिकले. याचा मला भयंकर राग आहे.

गुरुवारी अर्ज परत घ्यायला गेले. ऑफिसातल्या शर्वरीदींनी रांगेदेखत कारण विचारलं, "केनो? फेल कोरेछो?"

"हॅं. दुटो पेपारे," मी म्हणाले. मोठ्याने. मागचे हसले. कान तापले, पण जागची हलले नाही. त्यांनी अर्ज शोधून माझ्या हातात दिला. "ठीक आछे. थाको." राहा म्हणाल्या, एवढंच.

आता तेच वर्ष पुन्हा, धाकट्या मुलांच्या वर्गात. पुन्हा नापास होईन अशी भीती वाटते. तरी शनिवारचं माझं नाशिकचं तिकीट रद्द करा. मला न्यायला येऊ नका, मी येणार नाही. लोकांना खरं सांगा, मुलगी नापास झाली म्हणून. बदली तुमची झाली आहे, माझी नाही.

इथेच राहणारी,
ऋता