कोंबड्यांना कुंकू लावल्याबद्दल

लष्कर, ग्वाल्हेर

सूर्याजीराव दादासाहेब यांस कान्होजीचा मुजरा. तुमचा गुडघा, वहिनीसाहेबांचा दमा आणि देवासची हवा, तिन्ही बरी असतील अशी आशा करतो. इकडे मी ठणठणीत आहे. (पाठीला औषध चोळून द्यायला कुणी नाही, म्हणून चोळत नाही, एवढंच.) फोनच करणार होतो, पण तुमचा नंबर लावला की तुमची बहीण उचलते आणि 'राँग नंबर' म्हणून ठेवून देते. अहो, चाळीस वर्षांच्या संसारातली बायको माझी, आवाज ओळखत नाही होय मी!

विमलनं तिथं काय काय सांगितलं असेल ते माहीत आहे. मी तिला न विचारता हाटातून तीन नव्या कोंबड्या आणल्या, हे खरं. तिच्या जुन्या कोंबड्यांनी त्यांना अंगणभर पळवलं, हेही खरं. 'ह्या सगळ्या एका खुराड्यात गुण्यागोविंदानं झोपतील त्या दिवशी परत येईन,' असं म्हणून ती बॅग उचलून तुमच्याकडे निघून आली. मीही म्हटलं, बघूनच घेतो! कोंबड्या परत देणार नाही आणि बायकोला आणल्याशिवाय राहणार नाही.

आता ते कुंकवाचं. (शेजारच्या सोनिकानं व्हिडिओ पाठवला असेलच. पोरगी गुणी आहे, पण सदा मोबाइल हातात.) आपल्याकडे नवी गाय असो की नवी स्कूटर, कुंकू लावल्याशिवाय कधी आत घेतलीय? मग कोंबड्यांनीच काय घोडं मारलंय? मी तिघींना दारात ओवाळलं, डोक्यावर ठसठशीत कुंकू लावलं आणि आत सोडलं. कोंबडीला लाल ठिपका दिसला की ती तिथंच चोच मारते, हे मला कुणी सांगायला नको? जुन्या अशा तुटून पडल्या म्हणता! त्यात विमलचा लाडका कोंबडा, तो सुभेदार, भांडण मिटवायचं सोडून माझ्याच पोटरीला चोची मारायला लागला. एक नवी माझ्या बगलेत, एक बनियनमध्ये, तिसरी थेट डोक्यावर. वर गच्चीतून सोनिका ओरडतेय, 'अंकल, पहले इनका सिंदूर तो पोंछो!' तेवढं मात्र ऐकलं. खोबरेल लावून लावून एकेकीचं कुंकू पुसलं.

पण हटलो नाही. अंगणात मधोमध जाळी ठोकली आणि दोन्हीकडे एकाच वेळी दाणे टाकत राहिलो, म्हणजे निदान तोंडओळख व्हावी. मग जाळी काढली आणि तिच्या जागी खुर्ची टाकून मीच बसलो. चहा तिथं, पेपर तिथं, जेवणही तिथंच. (जेवण म्हणजे नई सडकेवरची कचोरी. सकाळीही तीच.) कुणी चोच उगारली की मी फाडकन छत्री उघडायचो. अखेर जमलं! काल रात्री खुराड्यात सगळ्या एकाच दांडीवर चिकटून झोपल्या, सुभेदार मधोमध. मी जिंकलो, दादासाहेब, हे तिला आवर्जून सांगा.

वहिनीसाहेबांना नमस्कार.

आपला,
कान्होजी

ता. क. अट पुरी झाली, तेव्हा तिला गाडीत बसवून द्या. घाई मुळीच नाही. उद्याची गाडी चालेल.

आणखी एक ता. क. हे पत्र तिला दाखवू नका, डोक्यावर बसेल. पण तुम्ही पत्रं मोठ्यानं वाचता आणि ती आत्ता शेजारीच सुपारी कातरत बसली असणार, म्हणून पुढचं तुमच्यासाठी नाही. विमल, अंगणात सगळ्या एकत्र झोपतात आणि घरात मी एकटा. मला अजिबात करमत नाही गं. कोंबड्या नको असतील तर उद्याच परत देऊन येतो, पण ये.