गणपतीपासूनची गाठ

बाई,

'गाठ' या शब्दाचे अर्थ तुम्ही एकदा वर्गाला विचारले होतेत. दोरीची गाठ, गाठभेट, मनाशी बांधलेली गाठ, आणि "उद्या कविता पाठ नसेल तर माझ्याशी गाठ आहे" ही खास तुमची. कोलशेतच्या खाडीवरून आलेला वारा वह्यांची पानं उलटतोय, तुम्ही पदर खोचून माझ्या बाकापाशी उभ्या आहात, मी खाली मान घालून "पाठ नाही, बाई" म्हणतोय. मग रागावून तुम्हीच ती सबंध कविता म्हणून दाखवता. एक अर्थ मात्र तेव्हा कुणालाच सुचला नव्हता. तो मला सत्तरी उलटल्यावर सापडला, आमच्या कुत्रीच्या पोटावरून हात फिरवताना.

दहा वर्षांपूर्वी आमच्या मानपाड्याच्या इमारतीत जिन्याखाली सापडलेलं पिल्लू ते. आता ती माझ्यासारखीच थकली आहे, दुपारी मी कविता पुटपुटतो तेव्हा पायाशी घोरते. गणपतीत तिच्या मागच्या सडापाशी चण्याएवढं काही लागलं. गोचीड असेल, म्हटलं. दिवाळीला ते गोचीड नाही हे बोटांना कळलं होतं, पण तोंडाने उच्चारलं नाही तर ते नसेलच, असं काहीतरी वेड्यासारखं वाटत राहिलं. संक्रांतीनंतर सुनेने तिला आंघोळ घालताना ओरडून विचारलं, "अहो बाबा, ही सुपारीएवढी गाठ कधी आली?" मी म्हणालो, "अगं, आत्ताच. आठेक दिवस झाले असतील."

तेच मी दवाखान्यातही सांगितलं. डॉक्टरीणबाई माझ्या नातीच्या वयाच्या. त्यांनी तिला कुशीवर निजवलं आणि छातीपासून जांघेपर्यंत एकेक सड चाचपत गेल्या, या रांगेतले पाच, त्या रांगेतले पाच. "मोठी दिसली म्हणून तिथेच थांबायचं नाही, आजोबा. दुसरी एखादी लपलेली असते." तुम्ही नाही का, एक ओळ गाळली तरी पहिल्यापासून म्हणायला लावायचात! गाठ कातडीखाली हलते की आत चिकटली आहे ते पाहिलं, मोजपट्टीने मापली, जांघेत नि काखेत बोटं घालून पाहिलं. छातीचा एक्स-रे काढायला सांगितला, फुप्फुसापर्यंत काही गेलंय का म्हणून. आणि मग कागदावर लिहिता लिहिता त्यांचा हात थांबला. "आठ दिवसांत एवढी? इतक्या झपाट्याने वाढणारी असेल तर मला जरा टेन्शन आहे हां."

कुत्री त्यांचं मनगट चाटत होती. मला माझा बाक आठवला. "खोटं बोललो मी," म्हणालो, "गणपतीपासून आहे." सुनेने कपाळावर हात मारला. डॉक्टरीणबाई मात्र हसल्याच. "अहो आजोबा, हे आधी नाही का सांगायचं! सावकाश वाढलेली असली तर थोडी आशा जास्त. उशीर केलात ते चुकलंच, त्याबद्दल बोलणी खाल माझ्याकडून. पण हाताने नक्की कळत नाही, सुई टोचून तपासलं तरी पुष्कळदा नाही. काढायची, सगळी लॅबला पाठवायची, मग बोलू."

एक्स-रे स्वच्छ निघाला. गाठ काढली. रिपोर्ट यायला बारा दिवस लागले, तेवढ्या दिवसांत मी एकाही कवितेचा शेवट म्हणू शकलो नाही. काल सुनेने फोनवर ऐकून मोठ्याने सांगितलं, "साधी आहे, बाबा! कापलेल्या कडाही स्वच्छ आहेत, मागे काही राहिलं नाही. बाकीच्या सडांवर मात्र दर महिन्याला हात फिरवायचा, आणि काही लागलं तर त्याच दिवशी बोलायचं, असं तुम्हाला खास सांगितलंय." आत्ता कुत्री, टाके चाटू नयेत म्हणून, गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं घालून दारांना धडकत फिरते आहे.

हा कागद घडी करून एक्स-रेच्या पाकिटात ठेवणार आहे. खरं बोलायची सवय लागलीच आहे, तर एक जुनंही सांगून टाकतो. त्या दिवशी ती कविता मला पाठ होती, बाई. तुमच्या तोंडून पुन्हा ऐकायची होती.