निळ्या टोपणाची नळी

॥ श्री ॥
नल्लकुंटा, हैदराबाद
१८ जानेवारी २०२५

सौ. चारू हिस, जयवंताचा सप्रेम नमस्कार वि. वि.

पत्र बघून हसशील. नल्लकुंट्याहून कुकटपल्लीला पत्र टाकायला मी काय दिल्लीला राहते का, असं म्हणशील. पण महत्त्वाचं काही फोनवर बोलायचं मी सोडलंय. हा फोन ऐकायलाय बघ. मागं आमच्या ह्यांना मी एवढंच म्हटलं की लोणच्याची बरणी फुटली, नवी बघा. झालं, दुसऱ्या दिवसापासून बरण्याच बरण्या. बातम्या लावाव्या तर बरणी, भजन लावावं तर मध्येच थांबवून बरणी. ह्यांच्या गुडघ्याचं एकदा काय शोधलं, तर आता गुडघ्याचे पट्टे माझ्या मागं हात धुऊन लागलेत. परेशान करून सोडलंय. श्रुती म्हणते की फोन ऐकत नाही, आपण काय शोधतो ते लक्षात ठेवतो. मला दोन्ही एकच. ज्याच्या मनात जे असतं ते त्याच्या फोनवर उगवतं, एवढं मला कळलं.

आता मुद्द्याचं. रविवारी आम्ही तुझ्याकडं येऊन गेलो. पाहण्याचा कार्यक्रम नुसता नावाला, तुझा हर्षद आणि आमची श्रुती एकमेकांना लहानपणापासून बघतात. बरकतपुऱ्याच्या शाळेत आपण एका बाकावर बसलो, तेव्हाच तू म्हणाली होतीस की तुझी मुलगी मी नेणार. पोरं गच्चीवर बोलायला गेली ती हसत खाली आली, तेव्हा मी मनातल्या मनात देवाला साखर ठेवली. मग तू नुमाइशीच्या प्रदर्शनातले फोटो बघायला श्रुतीचा फोन घेतलास आणि तुझा चेहराच उतरला. फोन पालथा ठेवून आत गेलीस ती बाहेर आली नाहीस. निघताना मला कुंकूसुद्धा लावलं नाहीस. इतक्या वर्षांत तुझ्या दारातून मी कोऱ्या कपाळानं कधी निघाले नव्हते.

एकनाथरावांना विचारावं, तर ते मध्यस्थ असून नुसते खाकरतात. आमचं काय चुकलं ते तू सरळ लिही. चहात साखर कमी आहे असं मी म्हणाले म्हणून रुसली असशील तर पुढच्या वेळी चार चमचे घालून पिते.

हर्षदला आशीर्वाद. माझ्यावरची तुझी माया होती तशीच राहू दे.

तुझीच,
जयवंता


कुकटपल्ली, हैदराबाद
२४ जानेवारी २०२५

सौ. जयवंताबाई यांस, चारुलताचा नमस्कार वि. वि.

पत्र पोचलं. फोनबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते अक्षरशः पटलं. ज्याच्या मनात जे असतं ते त्याच्या फोनवर उगवतं. हे तुमचेच शब्द आहेत, म्हणून पुढचं लिहायला मला संकोच वाटत नाही.

श्रुतीनं नेटवर टाकलेले नुमाइशीचे फोटो दाखवायला फोन माझ्या हातात दिला. चार फोटो सरकवले की एक जाहिरात, आणि दर वेळी तीच. पांढऱ्या डागांवरचं मलम. निळ्या टोपणाची नळी, रात्री झोपताना लावा, महिन्यात कातडी एकसारखी. मी फोन पालथा ठेवला. एवढी जुनी मैत्री आणि तुम्ही कोडाची मुलगी आमच्या गळ्यात घालायला निघालात. निदान मला बाजूला घेऊन सांगायचं होतंत. मी नाही म्हटलं असतं, पण मान तरी ठेवला असता.

मी हे कुठे बोललेले नाही. जाऊबाईंना सांगणं भाग होतं. आणि भिशीतल्या बायकांनी लग्नाचं काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा खोटं बोलणं माझ्या स्वभावात नाही. शेवटी त्यांच्याही घरात लग्नाची मुलं आहेत.

हर्षदसाठी पुण्याचं स्थळ आलं आहे. मुलगी केतकी, कॉम्प्युटरमध्येच आहे, घराणं स्वच्छ. तो थोडा गप्प गप्प असतो, पण माझ्या शब्दाबाहेर नाही.

श्रुतीला म्हणावं, मलम नेमानं लावत जा. वेळेवर धरलं तर आटोक्यात राहतं म्हणतात. मुकुंदरावांना नमस्कार. मनात किंतु ठेवू नये, ही विनंती.

आपली,
सौ. चारुलता


नल्लकुंटा
६ फेब्रुवारी २०२५

चारू, नमस्कार.

मला बाई म्हणून लिहिलंस ते वाचलं. मी तुला चारूच म्हणणार, जिभेला दुसरं वळण नाही.

तुझं पत्र आलं त्या दुपारी मी श्रुतीला आतल्या खोलीत नेलं. दाराला कडी घातली, खिडकी उघडली आणि तिला उजेडात उभं केलं. कपडे काढ म्हटलं. पाठ बघितली, कंबर बघितली, बोटांच्या फटी बघितल्या, केस वर धरून मान बघितली. बँकेत कॅशवर बसणारी पोर, शेकडो लोक तिच्याकडं पैसे देऊन विश्वासानं जातात, आणि मी तिला बाजारातल्या गाईसारखी फिरवून फिरवून बघितली. ती एका शब्दानं बोलली नाही. मी तिला विचारलं की काही लपवायलीस का, तर खिडकीबाहेर बघत राहिली. तिचं ते गप्प राहणं बघून मला जास्तच शंका आली आणि मी पुन्हा पहिल्यापासून बघितलं. चारू, तीळभर डाग नाही. तिच्या अंगावर नाही, आमच्या सात पिढ्यांत कुणाच्या नाही. तिच्या फोनवर ती जाहिरातही आता कुठं दिसत नाही. मी रोज तिचा फोन हातात घेऊन तपासते, आणि ती देते.

रथसप्तमीला आमच्या शेजारच्या राणीकडं हळदीकुंकू होतं. श्रुती नक्को म्हणत होती, मीच ओढून नेलं. राणीनं सगळ्यांना कुंकू लावलं आणि श्रुतीपुढं आल्यावर करंडा तिच्या हातात दिला, तूच लाव म्हणाली. तिळगूळ वरून टाकला. सगळ्यांना वाण हातात दिलं, हिची वाटी सतरंजीवर ठेवली. पोरीनं वाकून उचलली. तिथं तुझ्या भिशीतल्या दोघी बसल्या होत्या. आता बिदरचं स्थळ होतं, त्यांनीही पत्रिका जुळत नाही म्हणून कळवलंय. महिन्यापूर्वी जुळत होती.

ह्यांनी देवळात जायचं सोडलंय. जेवायला बसतात आणि ताट सरकवतात.

मला तुझा हर्षद नको. पाहिजे तर तू ये आणि तुझ्या डोळ्यांनी बघ, पाहिजे तो डॉक्टर आण. पण एकदा भिशीत जाऊन सांग की तुझं चुकलं. तेवढं एक वाक्य बोल, मी जन्मभर तुझे उपकार मानीन. पोरीचं आयुष्य आहे ग.

जुन्या दिवसांची थोडी तरी आठवण असू दे.

जयवंता


नल्लकुंटा
२ मार्च २०२५

ती. चारुलताकाकूंना श्रुतीचा शि. सा. नमस्कार.

असंच लिहितात म्हणून आईनं सांगितलं. मला मराठी लिहायची सवय नाही, चुका दिसल्या तर सोडून द्या.

आईच्या पत्राला तुमचं उत्तर आलं नाही, हर्षदच्या लग्नाची पत्रिका आली. आईनं तिला हळद-कुंकू वाहिलं आणि मग बराच वेळ मोरीत तोंड धूत राहिली. म्हणून मी लिहायला बसले.

त्या रविवारी गच्चीवर हर्षदनं मला त्याच्या पाठीवरच्या पांढऱ्या डागाबद्दल सांगितलं. पंजाएवढा आहे म्हणाला, आई कुणाला सांगू देत नाही म्हणाला. मी म्हटलं की मला त्याचं काही वाटत नाही, आणि खरंच वाटलं नव्हतं. तो इतका खूश झाला की आम्ही हसतच खाली आलो. माझ्या फोनला तुमच्याकडं रेंज नव्हती, म्हणून त्यानं स्वतःच्या हातानं तो तुमच्या घरच्या वायफायला जोडून दिला.

आम्ही परत आलो त्या रात्री त्याचा फोन आला. कुणाला काय विकायचं हे ठरवायचंच काम त्याच्या कंपनीत चालतं, त्याला लगेच कळलं होतं. एका वायफायवरचे सगळे फोन एका घरातले धरतात. त्या घरात कुणी सारखं मलम शोधत असेल, तर पाहुण्यालाही मलमच दाखवतात. त्यानं मला शपथ घातली की थोडे दिवस गप्प राहा, मी आईशी बोलतो. मी शब्द दिला. म्हणून खिडकीत उभी असताना मी बोलले नाही. एक वाक्य बोलले असते तर आईनं खिडकी लावून घेतली असती. राणीमावशीकडं वाटी उचलताना पण नाही बोलले. मग केतकीशी ठरलं, तेव्हा त्यानं फोन करून सांगितलं की आई फार रडते, आणि तू तर धीराची आहेस. त्याची शपथ मी त्याला तेव्हाच परत केली.

तुमचा मला राग नव्हता, काकू. तुमचा गैरसमज झाला असं मी धरून चालले होते. काल आईनं तुमचं पत्र मला दाखवलं. त्यात तुम्ही निळ्या टोपणाची नळी लिहिली आहे. जाहिरातीत नळी नव्हती. एका बाईचा कोपर होता आणि खाली विकत घ्यायचं बटण. ती जाहिरात मी नंतर चार दिवस बघितली आहे, मला पाठ आहे. निळं टोपण मी बघितलं ते तुमच्या बाथरूममध्ये, आरशामागच्या फळीवर, हात धुवायला गेले तेव्हा. म्हणजे कोपर दिसल्या दिसल्या तुम्ही मलम ओळखलंत. माझ्या फोनवर ते दिसलं म्हणजे मला हर्षदचं सगळं कळलंय असं तुम्हाला वाटलं, आणि मी काही बोलायच्या आत तुम्ही तो डाग माझ्या नावावर लावलात. वर मला नेमानं लावत जा म्हणून निरोप पाठवलात.

मी भिशीत येणार नाही आणि कुणाला काही सांगणार नाही. आईलाही हे पत्र टाकल्यावरच सांगेन, नाहीतर ती आजच तुमच्या दारात येईल.

एकनाथकाका म्हणाले की केतकीकडची मंडळी लग्नाआधी चार दिवस तुमच्याकडंच उतरणार आहेत. घरात आल्यावर पाणी पितील आणि वायफायचा पासवर्ड मागतील. केतकी मागेल, तिची आई मागेल, मावश्या मागतील. तुम्ही नाही कसं म्हणणार. मग संध्याकाळी सगळे सोफ्यावर बसतील आणि केतकी फोटो दाखवायला तिचा फोन तुमच्या हातात देईल. त्यात बाईचा कोपर दिसला, की तिच्याबद्दल भिशीत काय सांगायचं ते आत्ताच ठरवून ठेवा.

शेवटी आशीर्वाद मागायची पद्धत आहे, ती मी पाळत नाही. माझ्या आईला कुंकू लावायचं तुमचं राहिलंय, तेवढं लक्षात असू द्या.

श्रुती