अंबाड्यातली सुई

सेलू, मंगळवार, संध्याकाळ

काडी म्हणे! मोजे विणायच्या लाकडी सुया पाच असतात. चौघींवर टाके, पाचवीनं विणायचं. ती पाचवी नणंदबाईंनी अंबाड्यात खोचली आणि तशाच बाजेवर आडव्या झाल्या. टोक पिचलं. वर मलाच दाखवायला आल्या, "काडीच तर हाय, वैनी. डिंक लावलाय, बघा." डिंकाचा हा एवढा गोळा! त्यात लोकर अडकणारच. पण जिला सुई आणि काडी सारखीच, तिला काय सांगायचं?

दुसरी घ्यावी तर बाजारात स्टीलच्याच. त्यांवरून टाके सुळकन घसरतात. मग डिंकासकट टोक कापलं, नवं तासलं, पॉलिश पेपरनं घासलं, मेणबत्ती चोळली. रेशमी पदरावरून फिरवून पाहिली. एक धागा ओढला नाही. बाकी चौघींपेक्षा आखूड झाली, पण कामाची.

आणि मोजे कुणासाठी? नणंदबाईंच्याच भेगाळलेल्या टाचांसाठी. मी का विणते, देव जाणे.

आत्ता येऊन त्यांनी सुईवरून बोट फिरवलं. "आता कशी गुळगुळीत झाली! सकाळी डिंक लावल्यावर केसांत लय अडकायली होती."

काडी! आज मी ती उशीखाली घेऊनच झोपणार आहे.