स्वयंपाकघरात वाळणारे पांढरे हातमोजे

बाबा, मी पुन्हा पोलीस लाइनीतच राहायला आले आहे. तुम्ही निवृत्त झालात तेव्हा ट्रॅक्टरवर सामान चढवताना आई म्हणाली होती, "सुटलो वं माय, आता या लाइनीचं तोंड पाहाले नोको." मीही मान हलवली होती. आता तुमचा नातू पोलिसात आहे, क्वार्टर त्याच्या नावावर आहे, आणि तुमचे जावई चामोर्शीच्या धानाच्या बांध्या सोडून यायला तयार नाहीत, म्हणून त्याचं घर मी एकटी सांभाळते. सांभाळते कसलं, वाट पाहते. तो जंगलात जाणाऱ्या पथकात आहे. आलापल्लीच्या पुढे गेला की त्याचा फोन लागत नाही, आणि मग तो परत येईपर्यंत मी भांडी घासते, घासलेली भांडी पुन्हा घासते.

तुम्ही मुख्यालयाचे बिगुलवाले. लाइनीतल्या बायका तुमच्या सकाळच्या बिगुलावर चूल पेटवायच्या. एखाद्या सकाळी तुम्ही तापानं झोपलेले असलात की अर्धी लाइन उशिरा उठायची आणि दिवसभर तुमच्या नावानं बोटं मोडायची. पण तुमचं दुसरंही एक काम होतं, आणि त्याबद्दल आपल्या घरात कोणी बोलत नसे. जंगलात कोणी मारला गेला की तिरंग्यात गुंडाळलेला देह मैदानावर आणून ठेवत. सलामीची तुकडी बंदुका उलट्या धरून, माना खाली घालून उभी राहायची. तुम्ही बाजूला एकटे, बिगूल वाजवायला. एकदा मी विचारलं होतं तेव्हा तुम्ही सांगितलंत की धुना दोन असतात, पहिली झोपवायची आणि थोडं थांबून दुसरी उठवायची. मी म्हटलं, मेलेल्या माणसाला कशाला उठवायचं? तुम्ही म्हणालात, "तो नाई उठत वं. उभे असणाऱ्यायले घरी जा लागते ना."

त्या कामाचे पांढरे सुती हातमोजे आणि पांढरा पट्टा आईच्या ताब्यात असायचा. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी सोडून एरवी आपल्या दोरीवर ते हातमोजे दिसले की लाइनीतल्या प्रत्येक बाईला कळायचं, कोणाचं तरी कुंकू पुसलं. साहेबांची जीप नंतर यायची, बातमी आपल्या दोरीवर आधी. म्हणून तर सलामीला जाताना तुम्ही बिगूल भाजीच्या पिशवीत घालून, वर मेथीची जुडी ठेवून निघायचात. पण एका उन्हाळ्यात पेटी आवरताना आईला हातमोज्यांवर बुरशीचे डाग दिसले. तिनं ते साबणानं चोळून काढले आणि बाहेर ऊन आहे म्हणून दोरीवर टाकले, दुसरं काही नाही. मी तेव्हा नळावर पाण्याच्या रांगेत होते. पुढच्या बाईची नजर आपल्या अंगणाकडे जाते, तिच्या हातातली घागर सुटते. मग एकेक जण वळून पाहते. सगळ्या जागच्या जागी उभ्या, आणि नळ नुसता वाहतो आहे. ज्यांचे नवरे बाहेर होते त्यातली एक, सहा महिन्यांची पोटुशी, तिथेच चिखलात बसली. तुम्ही धावत आलात, हातमोजे ओढून काढलेत आणि आयुष्यात पहिल्यांदा आईवर ओरडलात, "काऊन टाकले बाहेर? अक्कल गहाण ठेवली का?" आई रडत म्हणाली, "मी तं फकस्त धुतले जी." त्या दिवशी कोणी मेलं नव्हतं. तरीही नळावरच्या बायका कितीतरी दिवस आईशी धड बोलल्या नाहीत. त्यानंतर हातमोजे स्वयंपाकघरात, चुलीवरच्या दोरीला वाळायला लागले. त्यांना धुराचा आणि लसणाच्या फोडणीचा वास असायचा. माणसाला शेवटची सलामी देताना तुमच्या हातांना आपल्या घरच्या वरणाचा वास येत असेल, हे मला तेव्हा फार लाजिरवाणं वाटायचं. आता वाटत नाही.

फाटलेली एक जोडी तुम्ही मला थंडीत शाळेत घालायला दिली होती. आईनं पाहिली आणि कडाडली, "मेल्यायच्या सलामीचे मोजे पोरीले घालता?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "कापूस हाय तो. तिचे हात गरम राह्यले पायजे, बस." मी ते घातले आणि वर्गभर मिरवले. त्याच हिवाळ्यात तुम्ही आम्हाला चंद्रपूरला नेलं होतं. गोंड राजांच्या, शहराभोवतीच्या परकोटाच्या दरवाजाखाली उभे राहून तुम्ही वर पाहत होतात. दगडात कोरलेलं सिंहासारखं एक जनावर मला दाखवलंत, आणि म्हणालात, इथे रात्रंदिवस पहारेकरी उभे राहत असतील, त्यांच्यातल्या एकाचंही नाव कोणाला ठाऊक नाही. मला तर भूक लागली होती, मी आईचा पदर ओढत होते. पण तुम्ही हललाच नाहीत. त्या दरवाजात कोणी येऊन तुमची पाळी बदलेल अशी वाट पाहत असल्यासारखे उभे होतात.

नातवाला तुम्ही फार लाभला नाहीत, पण फुंकर कशी धरायची ते त्याला लहानपणीच शिकवून गेलात. तो भरती झाला तेव्हा बँडमध्ये बिगुलवाल्याची जागा रिकामी होती. मी त्याच्या पाया पडायची तेवढी बाकी ठेवली. म्हटलं, घे ती जागा, आजोबांची आहे, दिवसभर मैदानावर राहशील, संध्याकाळी घरी जेवशील. तो म्हणाला, "आई, माह्या दोस्तायच्या पेटीसमोर उभा राहून वाजवू? माह्यानं नाई होत ते." मी म्हटलं, "तुह्या आबाजीनं नाई का वाजवलं?" तर म्हणे, "म्हणूनच तं." पोरगं तुमच्यावर गेलं आहे. कमी बोलतं आणि बोललं की समोरच्याची बोलती बंद करतं.

मग गेल्या वर्षी त्याच्या मेंदूत मलेरिया चढला. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्यानं माझा हात धरला आणि आपणहून म्हणाला, "आई, विचार ना साहेबाले, बँडचं." बाबा, मी त्या दिवशी इतकी खूश झाले की दवाखान्याच्या आवारात रडत बसले, लोकांना वाटलं माझं कोणी गेलं. दुसऱ्याच दिवशी साहेबांकडे गेले. साहेब भला माणूस. उठून खुर्ची दिली, चहा सांगितला. म्हणाले, "बाई, बिगुलवाला आता लागत नाई. जुने निवृत्त झाले, जागाही गेली. धून स्पीकरवर लावतो आपण." मी विचारलं, "सलामीलाही?" ते म्हणाले, "सलामीलाही." मी चहा तसाच ठेवून उठले. देव देतो तेव्हा घेत नाही आणि मागायला गेलं की देवाचं दुकान बंद, अशी आपली गत. पोरगं बरं झालं, अंगात ताकद आली, आणि पुन्हा पथकात गेलं. जाताना मला म्हणाला, "जाऊ दे वं, नशिबात नसंल."

आता दोरीवर काही दिसत नाही. बाईला आधी कळावं असं काही राहिलंच नाही. फोन वाजतो आणि कळतं. म्हणून लाइनीत कोणाचाही फोन वाजला की सगळ्यांचे हात थांबतात. समोरच्या क्वार्टरमध्ये सिरोंचाकडची एक पोरगी राहते, लग्नाला वर्षसुद्धा झालं नाही. तेलुगू वळणाची मराठी बोलते, मला काकू म्हणते, कढीपत्ता मागायला येते आणि तासभर बसते. तिचा नवरा आणि माझा मुलगा एकाच पथकात. दोघं गेल्यापासून ती आणि मी एकमेकींना जेवलीस का म्हणून विचारायचो, आणि दोघीही हो म्हणून खोटं सांगायचो. माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता.

परवा दुपारी मी भात उतरवत होते. समोर फोन वाजला. मग ती ओरडली. तसं ओरडणं मी या लाइनीत लहानपणापासून ऐकलं आहे, त्यात चूक होत नाही. माझा फोन ओट्यावर होता. मी त्याच्याकडे पाहत उभी राहिले. तो वाजला नाही. आणखी उभी राहिले. तरीही वाजला नाही. बाजूच्या बायका धावत तिच्या दारात गेल्याचं मला खिडकीतून दिसत होतं.

संध्याकाळी कुठल्याशा ठाण्यावरून मुलाचा फोन आला. "आई, मी हाव," एवढंच म्हणाला आणि आवाज तुटला. तो अजून तिथेच आहे. काल मैदानावर तिच्या नवऱ्याला सलामी झाली, स्पीकर मध्येच खरखरला, कोणी हललं नाही. पुढच्या आठवड्यात, पुढच्या महिन्यात, कधी ना कधी ओट्यावरचा फोन वाजणार आहे, हे मला माहीत आहे, आणि त्याच्या आड घालायला माझ्याकडे आता काहीच नाही, बँडची ती जागाही नाही.

हे पत्र मी कुठे पाठवणार? पाठवायचं नाही म्हणूनच लिहिता येतं आहे. जे जिवंत माणसाला सांगता येणार नाही ते तुम्हाला सांगते. परवा ती ओरडली तेव्हा मी लगेच तिच्याकडे गेले नाही. मी आधी ताट घेतलं. गरम भात वाढला, त्यावर वरण घातलं, आणि तिचं रडणं ऐकू येत असताना पोटभर जेवले. पुन्हा वाढून घेतलं. मग हात धुतले आणि जाऊन तिला कुशीत घेतलं. तिनं माझ्या खांद्यावरून मान उचलून विचारलं, "काकू, तुमचा बरा हाय ना?" मी म्हटलं, हो.

बाबा, तो भात मला गोड लागला.