बिल्ल्याची हिरवी बाजू

३ फेब्रुवारी
बोट सुटली. संकल्प : रोज पहाटे डेकवर व्यायाम. हिच्यावर चिडायचं नाही. आणि त्या बेटांवरच्या पाणकोंबडीचा फोटो काढून मेहुण्याचं तोंड कायमचं बंद करायचं. भावोजींना कावळा तरी ओळखता येतो का, असं त्याने चारचौघांत विचारलं होतं. ही पाणकोंबडी उडत नाही. जो पक्षी उडून जाऊच शकत नाही, त्याचा फोटो न येण्याचं कारणच काय?

४ फेब्रुवारी
व्यायाम उद्यापासून. बोट लागली. म्हणजे लागली नाही, सूप बाधलं.
गाईडबाईंनी नियम सांगितले. जिन्यापाशी फळा आहे, त्यावर प्रत्येकाचा बिल्ला. बेटावर उतरताना लाल बाजू पुढे करायची, परतल्यावर आपल्याच हाताने हिरवी. सगळे हिरवे झाले की बोट निघते. जन्मभर ऑफिसात मी लोकांची हजेरी घेतली, आता ह्या माझी घेणार!

६ फेब्रुवारी
पहिलं बेट. परतताना बिल्ल्यांपाशी ही झुंबड! मी मजेत पुढे गेलो. उतरताना माझा बिल्ला उलटवलाच नव्हता. डोकं लागतं.
वाळूत कासवाची पाठ पडली होती. आतून चाटूनपुसून साफ. हे घोरपडींचं काम, असं गाईडबाई म्हणाल्या. इथल्या घोरपडी माणसाएवढ्या लांब. दिवसा झाडीत असतात, ऊन उतरलं की किनाऱ्यावर येतात. निपचित पडलेलं काहीही खातात. बाईंना घाबरवायची हौस दिसते.

७ फेब्रुवारी
पाणकोंबडी दिसली. आधी हिला दिसली, हिने हळूच दाखवली. हिच्या कुजबुजण्यामुळेच ती पळाली. लेन्सचं झाकण काढायचं राहिलं होतं हा मुद्दा गौण आहे, पण हिने तो सगळ्यांसमोर काढला.
मी अबोला धरलाय. या वेळी आधी बोलणार नाही म्हणजे नाही. ही आपली उशी उचलून, सहलीला एकट्या आलेल्या डॉक्टरीणबाईंच्या केबिनमध्ये झोपायला गेली. येईल झक मारत.

८ फेब्रुवारी, सकाळ
आली नाही. नाश्त्याला पलीकडच्या टेबलावर खिदळत होती. आतून खचलीय, मला कळतं ना.
आज शेवटचं बेट. ही डोकं दुखतंय म्हणून येत नाहीये. उत्तम. केबिनच्या दारावर 'त्रास देऊ नये' ही पाटी लावली. मी किती दुखावलोय ते कळू दे जरा. बिल्ला हिरवाच.

दुपार
गाईडबाईंची टकळी चालू होती, तेवढ्यात हळूच मागे राहिलो. झाडीत शिरलो आणि समोर साक्षात पाणकोंबडी! झाकण काढलेलं होतं. फोटो काढला! मेहुण्या, बोल आता.
परतताना खड्ड्यात पाय मुरगळला. किंचित. सुजलाय, पण किंचित. रांगत किनाऱ्यापर्यंत आलो, पण उतरलो त्याच्या भलत्याच टोकाला. बसलोय. आपली माणसं दिसत नाहीत. पक्षीही गप्प झालेत.

संध्याकाळ
भोंगा वाजला. काळजी नाही. सगळे बिल्ले हिरवे झाल्याशिवाय बोट हलतच नाही.

माझा हिरवाच आहे.

बोट लहान दिसायला लागलीय. ओरडलो. टोपी हलवली. डेकवरून कुणीतरी हात हलवला, बहुधा बेटाला.

मन रमवायला फोटो पाहिला. पाणकोंबडी धूसर आलीय. तिच्या मागची घोरपड मात्र अगदी स्पष्ट. थेट माझ्याकडे बघतेय.

ऊन उतरलं. मागे पाचोळा वाजतोय. एका जागी वाजत नाहीये. निपचित पडायचं नाही, म्हणून लिहितोय. निदान हात तरी हलतोय.

भीती वाटतेय. पण ही आहे ना. जेवायला गेलो नाही की चौकशी करेल. पाटी बघून परत जाणार नाही, दार वाजवेलच. माझ्याशी बोलल्याशिवाय तिला चैन पडत नाही.

गेल्या वेळचा अबोला महिनाभर चालला होता. तोही मीच मोडला.